तोंडी ‘नाही’ घेऊन परत येऊ नका

बँकेच्या काउंटरवर गरीब माणसाला जे उत्तर मिळतं ते बहुतेक वेळा तोंडी असतं. ‘झीरो बॅलन्सचं खातं आता बंद झालंय.’ ‘आधारवर गावचा पत्ता आहे, तिकडेच काढा.’ ‘तुम्हाला कर्ज बसत नाही.’ ‘सर्व्हर डाउन आहे, सोमवारी या.’ ही वाक्यं कागदावर कधी येत नाहीत, कारण त्यातली बरीचशी नियमात बसत नाहीत आणि बोलणाऱ्याला ते ठाऊक असतं. ऐकणाऱ्याला नसतं. तो अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून आलेला असतो, मागे रांग खोळंबलेली असते, आणि साहेबांशी हुज्जत घालायची त्याला सवय नसते.

बँकेतली सगळी माणसं वाईट असतात असं मला म्हणायचं नाही. शाखेत माणसं कमी, झीरो बॅलन्सच्या खात्यातून बँकेची कमाई जवळपास नाही, आणि वरून विमा विकण्याचं टार्गेट. त्यातून टाळाटाळ होते. ती समजून घ्यावी, पण तिची किंमत आपण मोजू नये. कुठे अडून बसायचं, काय लेखी मागायचं आणि कुठे उगाच खेटे घालायचे नाहीत, एवढं कळावं म्हणून हा लेख. घरात वाचणारं कोणी एकच असेल तर त्याने बाकीच्यांना वाचून दाखवावा.

खातं मागताना नाव घेऊन मागा

‘खातं काढायचंय’ एवढंच म्हटलं की बँक तिच्या सोयीचं खातं काढते. खासगी बँकेत ते बहुधा हजारोंचा मिनिमम बॅलन्स लागणारं असतं. तुम्ही म्हणायचं, ‘मूलभूत बचत ठेव खातं द्या,’ म्हणजे बीएसबीडी खातं. रिझर्व्ह बँकेने २०१२ पासून हे खातं देणं बँकांना बंधनकारक केलेलं आहे. सरकारी असो वा खासगी, ‘आमच्याकडे नाही’ हे उत्तर चालत नाही. जनधन खातं हा याच खात्याचा सरकारी मोहिमेतला अवतार. २८ ऑगस्ट २०१४ ला ती मोहीम सुरू झाली, आज देशात अशी ५५ कोटींहून जास्त खाती आहेत, आणि ती अजून उघडता येतात.

या खात्यात शिल्लक शून्य असली तरी दंड नाही. पैसे भरण्यावर मर्यादा नाही. एटीएम कार्ड मिळतं आणि त्याचं वार्षिक शुल्क नाही. महिन्यातून चार वेळा पैसे काढणं फुकट. एटीएममधून काढलेलेही त्यात धरतात. पाचव्यांदा काढताना काय लागेल ते आधी विचारून घ्या. एक अट लक्षात ठेवा: हे खातं असेल तर त्याच बँकेत दुसरं बचत खातं ठेवता येत नाही, आधीचं असल्यास ३० दिवसांत बंद करावं लागतं. आधीच साधं खातं असेल आणि मिनिमम बॅलन्सपायी पैसे कापले जात असतील, तर तेच खातं बीएसबीडीमध्ये बदलून द्या असा अर्ज करता येतो. फार थोडी माणसं तो करतात.

कागदपत्रांचं म्हणाल तर आधार, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना, पासपोर्ट, रोजगार हमीचं जॉब कार्ड आणि राष्ट्रीय लोकसंख्या नोंदणीचं पत्र, या सहांपैकी एक पुरतं. रेशन कार्ड यात नाही. पॅन नसेल तर त्याऐवजीचा फॉर्म भरायचा, तो बँकेतच मिळतो. गावचा पत्ता असलेल्या आधारवर शहरात खातं निघतं. आधारने ई-केवायसी, म्हणजे ओळखीची पडताळणी, केली आणि सध्याचा पत्ता वेगळा असेल, तर तसं स्वतःच्या सहीने लिहून देता येतं. बीड-जालन्याहून ऊसतोडीला गेलेल्या किंवा भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या माणसाला घरमालकाच्या करारनाम्यासाठी ताटकळत ठेवण्याचं कारण नाही.

यातलं काहीच नसेल तरी ‘छोटं खातं’ निघतं. बँकेच्या अधिकाऱ्यासमोर फोटोवर सही करायची किंवा अंगठा उठवायचा, एवढ्यावर. मर्यादा अशा: वर्षात एकूण जमा १ लाखापर्यंत, शिल्लक ५० हजारांपर्यंत, महिन्याला १० हजारांपर्यंत काढता येतात. खातं १२ महिने चालतं. तोवर ओळखपत्रासाठी अर्ज केल्याचं दाखवलं तर आणखी १२ महिने.

नाही म्हटलं तर काय करायचं? वाद घालायचा नाही. पिशवीतून कागद काढायचा. त्यावर एवढंच लिहिलेलं असावं:

‘मा. शाखा व्यवस्थापक यांस. मी … , राहणार … . मला आपल्या शाखेत मूलभूत बचत ठेव खाते (बीएसबीडी) उघडायचे आहे. सोबत आधारची प्रत व फोटो जोडले आहेत. खाते उघडता येत नसल्यास त्याचे कारण लेखी कळवावे, ही विनंती. दिनांक … सही / अंगठा.’

दोन प्रती न्यायच्या. एक त्यांना, दुसरीवर शिक्का, तारीख आणि सही घेऊन ती आपल्याकडे. ही पोच. पोच द्यायला का-कू केलं तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवायचा. पोस्टाची पावती हीच पोच समजायची. ‘कारण लेखी कळवावे’ या शब्दांपुढे बरीच खाती तिथल्या तिथे निघतात, कारण ते कारण लिहायला कोणी तयार नसतं.

खातं आहे, पण पैसे निघत नाहीत

जनधनच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत काढलेल्या खात्यांची केवायसी आता दहा वर्षांची झाली. त्यामुळे ‘केवायसी करा, खातं होल्डवर आहे’ हे सध्या सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य आहे. नियम असा की केवायसीची मुदत संपायच्या आधी बँकेने किमान तीनदा कळवायला हवं, त्यातलं एकदा तरी पत्राने. पत्ता किंवा नाव काहीच बदललं नसेल, तर ‘काही बदल नाही’ एवढं स्वतःच्या सहीचं निवेदन पुरतं, सगळे कागद नव्याने देण्याची गरज नाही. हे काम खातं असलेल्या शाखेतच व्हायला हवं असंही नाही. बँकेच्या दुसऱ्या शाखेतही होतं, आणि बँकेने सोय केली असेल तर बँक मित्राकडेही, म्हणजे ग्राहक सेवा केंद्रातल्या बँकेच्या प्रतिनिधीकडे. माहेरच्या गावात काढलेल्या खात्यासाठी सासरहून एसटीने जाणाऱ्या बायका मला नेहमी भेटतात.

दोन वर्षं खात्यात काहीच हालचाल नसेल तर ते ‘निष्क्रिय’ होतं. ते पुन्हा चालू करायला बँक पैसे घेऊ शकत नाही, आणि निष्क्रिय असताना मिनिमम बॅलन्सचा दंडही लावू शकत नाही. १ एप्रिल २०२४ पासून हे स्पष्ट झालेलं आहे. शिष्यवृत्तीसाठी किंवा सरकारी अनुदानासाठी काढलेलं झीरो बॅलन्स खातं दोन वर्षं न वापरल्यामुळे निष्क्रिय ठरवायचंच नाही, असंही त्याच आदेशात आहे. मुलाच्या शिष्यवृत्तीच्या वेळी हे कामाला येतं.

अनुदान गेलं कुठे?

‘आधार लिंक आहे’ असं बँक सांगते, पैसे मात्र येत नाहीत. इथे दोन गोष्टींची गल्लत होते. खात्याला आधार जोडलेला असणं ही एक गोष्ट. सरकारी पैसे कुठल्या खात्यात पाडायचे त्याची नोंद राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाकडे, म्हणजे एनपीसीआयकडे असणं ही दुसरी. तुमचा आधार पाच खात्यांना जोडलेला असू शकतो, पण एनपीसीआयच्या नोंदीत एका वेळी एकच बँक असते: जिथे सगळ्यात शेवटी संमती दिली ती. मोबाइलचं सिम घेताना किंवा दुकानात ‘अंगठा लावा, ऑफर आहे’ म्हणत उघडलेलं एखादं पेमेंट्स बँकेचं खातं मधेच ही जागा पटकावतं. २०१७ मध्ये देशभरात हे मोठ्या प्रमाणावर घडलं होतं: सिमच्या पडताळणीतून खाती उघडली गेली आणि गॅसची सबसिडी भलत्याच खात्यांत जाऊन पडली.

तेव्हा आधी पैसे शोधा, मग भांडा. ‘माय आधार’ संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ असा भाग आहे. आधार क्रमांक आणि मोबाइलवर आलेला ओटीपी टाकला की कुठल्या बँकेची नोंद आहे ते दिसतं. आधारला मोबाइल जोडलेला नसेल तर आधी ते काम करून घ्या, नाहीतर प्रत्येक पाऊल अडेल. नोंद चुकीच्या बँकेची निघाली तर हव्या त्या बँकेत आधार सीडिंगचा संमती-अर्ज द्यायचा, त्यात ‘डीबीटीसाठी’ (थेट लाभ हस्तांतरणासाठी) हा शब्द असायला हवा, आणि पोच घ्यायची. नोंद बरोबर असेल आणि तरीही पैसे नसतील, तर दोष बहुधा बँकेचा नाही. अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायत किंवा तहसील कार्यालयात लाभार्थी यादीतली अडचण बघा. बँकेत खेटे घालून तिथे काही सुटत नाही.

पैसे आले आणि बँकेने परस्पर कापून घेतले, हा दुसरा प्रकार. २०२४ मध्ये ‘माझी लाडकी बहीण’चे पहिले हप्ते जमा झाले तेव्हा काही बँकांनी थकलेल्या दंडापोटी, जुन्या कर्जापोटी पैसे वळते केल्याच्या तक्रारी आल्या, आणि राज्य सरकारला बँकांना तसं करू नका म्हणून सांगावं लागलं. असं कापलं गेलं असेल तर ‘कोणत्या नियमाने, किती, कधी’ हे तीन प्रश्न लेखी विचारा. साध्या बचत खात्यातही मिनिमम बॅलन्सचा दंड लावण्याआधी बँकेने कळवून एक महिन्याची मुदत द्यायची असते. शिवाय केवळ त्या दंडामुळे खातं उणे करता येत नाही. ‘तुमच्या खात्यात उणे दोन हजार आहेत, आधी ते भरा’ असं सांगितलं तर पासबुक भरून घ्या आणि ते उणे कशाने झालं ते बघा.

बँक मित्राच्या यंत्रासमोर

शाखा दूर आणि गल्लीत ग्राहक सेवा केंद्र, त्यामुळे बहुतेकांची बँक म्हणजे ते अंगठ्याचं यंत्र. बँक मित्राला कमिशन बँक देते. पैसे काढून दिल्याबद्दल त्याने तुमच्याकडून वरचे वीस-पन्नास रुपये घ्यायचे नसतात. बँकेचं काही शुल्क असेल तर ते बँक खात्यातून घेते आणि पासबुकात दिसतं. बँक मित्राने हातात मागितलेले पैसे शुल्क नव्हेत. आपल्याकडे ‘असू दे, जवळच्या जवळ काम झालं’ म्हणून लोक देतात. ज्याने त्याने ठरवावं, पण नियमाने देणं लागत नाही हे ठाऊक असू द्या.

खरा धोका वेगळा आहे. ‘उठला नाही, परत लावा’ म्हणत अंगठा दोन-तीनदा घेतला जातो. खरंच उठला नसेलही. पण प्रत्येक वेळी यंत्रावर काय उमटलं ते बघा. अंगठा लावण्याआधी स्क्रीनवरची रक्कम वाचा किंवा सोबतच्या मुलाला वाचायला लावा. फक्त शिल्लक बघायची असेल तर स्क्रीनवर पैसे काढण्याचं पान नाही ना, हे तपासा. अंगठा उठला नाही तरी ‘व्यवहार अयशस्वी’ची पावती मागा. पैसे हातात आले नाहीत पण खात्यातून गेले, असं झालं तर ती पावती लागते. पावती देणारं यंत्र बिघडलंय म्हणाला तर वहीत तारीख, वेळ, रक्कम लिहून त्यावर त्याची सही घ्या. पुढच्या वेळी यंत्र दुरुस्त असतं.

धुणंभांडी, गवंडीकाम, विड्या वळणं यांनी बोटांच्या रेषा झिजतात. अशांनी आधार केंद्रात जाऊन बोटांचे ठसे नव्याने द्यावेत, आणि रुपे एटीएम कार्ड मागून घ्यावंच, म्हणजे अंगठ्यावाचून अडत नाही. कार्डाचा पिन मात्र कोणाकडे ठेवायचा नाही, बँक मित्राकडे तर नाहीच. पोस्टाच्या पेमेंट्स बँकेचे पोस्टमनही घरी येऊन कुठल्याही बँकेच्या आधार-जोड खात्यातून पैसे काढून देतात. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांसाठी ही सोय चांगली आहे. आणि ज्यांना अंगठ्याचे व्यवहार मुळीच करायचे नसतील, त्यांनी आधारच्या ॲपमधून बोटांचे ठसे लॉक करून ठेवावेत.

एटीएममधून पैसे आले नाहीत पण खात्यातून गेले, तर पाच दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत. त्यापुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई बँकेने स्वतःहून द्यायची असते. ती मागावी लागते, हा भाग वेगळा.

पासबुक वाचा

तीन महिन्यांतून एकदा पासबुक भरून घ्या आणि फक्त ‘नावे’चा रकाना वाचा. बारीक अक्षरात काही ओळखीच्या नोंदी सापडतील. मे-जूनच्या सुमाराला २० रुपये गेले असतील तर तो पंतप्रधान सुरक्षा विमा, अपघाताचा, २ लाखांचा. ४३६ रुपये गेले असतील तर तो जीवनज्योती विमा, कुठल्याही कारणाने मृत्यू आला तरी २ लाख. नव्याने घेतला असेल तर पहिले ३० दिवस अपघात सोडून बाकी मृत्यूंना तो लागू नसतो. हे विमे स्वस्त आहेत आणि मी स्वतः घ्या म्हणेन, पण सही न घेता सुरू केले असतील तर बंद करून मागता येतात. उलट, घरातलं कोणी गेलं असेल तर पहिल्यांदा त्याचं पासबुक काढा आणि ४३६ किंवा २० ची नोंद शोधा. विमा होता हेच माहीत नसल्याने दावा न केलेली घरं आहेत. जनधनच्या रुपे कार्डावरही अपघात विमा असतो: २८ ऑगस्ट २०१८ नंतर उघडलेल्या खात्यांना २ लाख, आधीच्यांना १ लाख. पण त्यासाठी कार्ड आधीच्या ९० दिवसांत वापरलेलं असावं लागतं. म्हणून कार्ड डब्यात ठेवू नका. दोन महिन्यांतून एकदा शंभर रुपये तरी काढा.

‘रिटर्न चार्ज’ अशी नोंद दिसली तर समजा की हप्त्यावर घेतलेल्या मोबाइलचा किंवा कर्जाचा हप्ता त्या दिवशी शिल्लक नसल्याने परत गेला. बँक दंड लावते आणि कर्ज देणाराही लावतो. हप्त्याची तारीख पगाराच्या किंवा मजुरीच्या दुसऱ्या दिवशी बदलून मागा. एका अर्जाचं काम आहे आणि त्याने वर्षाला हजार-दोन हजार वाचू शकतात.

हप्त्याचं गणित

कर्जाच्या बाबतीत मात्र घाई करू नका, इथेच सगळ्यात जास्त पैसा गळतो. आधी एक फरक. वस्तीत दोन प्रकारच्या गटांना ‘बचत गट’च म्हणतात. एक आपला गट: दहा-वीस बायका, दरमहा बचत, गटाचं बँकेत खातं, सरकारी ‘उमेद’ अभियानाचं किंवा माविमचं (महिला आर्थिक विकास महामंडळाचं) पाठबळ. दुसरा फायनान्सवाल्यांचा: त्यात बचत नसते, कर्जासाठी बायका गोळा केलेल्या असतात आणि आठवड्याला किंवा पंधरवड्याला वसुलीची बैठक. पहिल्या गटाला बँकेकडून १० लाखांपर्यंत तारणाशिवाय कर्ज मिळतं. उमेदच्या महिला गटांना ३ लाखांपर्यंतचं ७ टक्क्यांनी. दुसऱ्या ठिकाणी दर त्याच्या तिप्पट किंवा त्याहून जास्त असू शकतो. म्हणून गट आहे की नुसतं गिऱ्हाईक गोळा केलंय, हे सही करण्याआधी ओळखा.

‘वर्षाला फक्त १२ टक्के’ याचा अर्थ बघू. ३० हजार घेतले, १२ टक्के फ्लॅट रेटने वर्षाचं व्याज ३,६००, म्हणजे महिना २,८०० चा हप्ता. पण सहाव्या महिन्यानंतर तुमच्याकडे ३० हजार राहिलेले नसतात, अर्धे परत गेलेले असतात. व्याज मात्र पूर्ण ३० हजारांवर चालूच. घटत्या शिलकीवर मांडलं तर हा दर साडेएकवीस टक्क्यांच्या घरात जातो. त्यातून फी आणि विमा म्हणून ६०० रुपये आधीच कापून हातात २९,४०० ठेवले, तर तो २५ च्या वर गेला. सावकाराचा ‘शेकडा पाच’ तर महिन्याचा असतो, वर्षाला साठ टक्के. हे गणित बायकांना जमणार नाही, असं मात्र कोणी समजू नये. माणदेशातल्या म्हसवडच्या बायकांनी १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी केली, त्याआधी त्या निरक्षर आहेत म्हणून रिझर्व्ह बँकेने परवान्याचा अर्ज एकदा परत केला होता. त्या पुन्हा गेल्या आणि व्याजाचा हिशेब तोंडी करून दाखवायची तयारी दाखवली. आपल्या बायकांना हे गणित येतं. फक्त समोरचा आकडे पुरे सांगत नाही.

ते पुरे सांगायला लावणारा कागद आता आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँकांना आणि फायनान्स कंपन्यांना प्रत्येक किरकोळ कर्जाआधी ‘मुख्य तथ्य विवरण’ द्यावं लागतं. त्यात फी, विमा सगळं धरून येणारा खरा वार्षिक दर एका आकड्यात लिहिलेला असतो, आणि कागद तुम्हाला समजेल अशा भाषेत असायला हवा. दोन ठिकाणचे कागद शेजारी ठेवा आणि तो एकच आकडा बघा. हप्ता लहान दिसतोय म्हणून भुलू नका, मुदत लांबवली की हप्ता लहान होतोच.

वार्षिक ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला विनातारण दिलेलं कर्ज रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांत ‘सूक्ष्म वित्त कर्ज’ ठरतं, आणि त्याला चांगलं संरक्षण आहे. घरातल्या सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होतील असं कर्ज द्यायचंच नाही. मुदतीआधी फेडलं तर दंड नाही. विमा किंवा मिक्सर-मोबाइल गळ्यात मारायचा नाही. वसुली दोघांनी मिळून ठरवलेल्या जागी. सलग दोनदा तिथे गेला नाहीत, तरच माणूस घरी किंवा कामावर येऊ शकतो. सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर फोन किंवा फेरी नाही. शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांना त्रास, नाव जाहीर करणं हे सगळं निषिद्ध. रात्री दारात येऊन बसणाऱ्या वसुलीवाल्याला हे तोंडी ऐकवण्यापेक्षा मोबाइलवर वेळ दिसेल असा व्हिडिओ घ्या आणि तक्रारीला जोडा.

याचा अर्थ कर्ज बुडवा असा नाही. एका कर्जाचा हप्ता भरायला दुसरं कर्ज काढायची वेळ आली, की तिसरं काढण्याआधी पहिल्या कंपनीकडे हप्ते पुनर्रचनेचा लेखी अर्ज करा.

बँकेकडे थेट कर्ज मागायला लोक बिचकतात. पथविक्रेत्यांना पीएम स्वनिधी योजनेत पहिलं कर्ज १५ हजारांचं, ते फेडलं की २५ हजारांचं, मग ५० हजारांचं. वेळेवर फेडणाऱ्याला व्याजात ७ टक्क्यांची सवलत. त्यासाठी नगरपालिकेचं विक्रेता प्रमाणपत्र किंवा शिफारसपत्र लागतं. शिलाई यंत्र, पिठाची गिरणी, वडापावची गाडी यांसाठी मुद्रा योजनेतलं ५० हजारांपर्यंतचं ‘शिशु’ कर्ज विनातारण असतं. एजंट ‘करून देतो, पाच हजार द्या’ म्हणाला तर त्याला हात जोडा. आणि ‘तुमचा सिबिल नाही’, म्हणजे कर्जफेडीची जुनी नोंद नाही, हे ऐकून उठू नका. आधी कधी कर्ज घेतलं नाही, एवढ्या एकाच कारणाने पहिल्यांदा मागणाऱ्याला नाकारू नये, असं बँकांना सांगितलेलं आहे. लहान कर्जाचा अर्ज फेटाळताना बँकेने कारण लेखी द्यायचं असतं. सिबिल खराब असेल तर वर्षातून एकदा अहवाल फुकट मिळतो तो काढा. न घेतलेल्या किंवा फिटलेल्या कर्जाची नोंद त्यात राहिलेली असू शकते, आणि ती दुरुस्त करून घेता येते.

मोबाइलवर पाच मिनिटांत कर्ज देणारी ॲप्स सोडून द्या. घ्यायचंच असेल तर कर्ज देणारी बँक किंवा कंपनी कोणती, ते नाव आधी बघा. रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर कर्ज ॲप्सची यादी आहे. फोनमधले नंबर आणि फोटो बघू द्या म्हणणारं ॲप तिथेच काढून टाका. सावकाराकडे जायची पाळी आलीच तर परवाना विचारा. महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्याने विनापरवाना सावकारी गुन्हा आहे, आणि तक्रार सहकार खात्याच्या तालुक्यातल्या सहायक निबंधकाकडे करता येते. जमीन लिहून घेतली असेल तर जिल्हा उपनिबंधकाकडे दाद मागता येते.

साठवलेल्या पैशाबद्दल थोडंच. बँकेतल्या ५ लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा आहे, सहकारी बँकेतल्याही. पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. नावात ‘बँक’ आहे की ‘पतसंस्था’, ते पावतीवर वाचा. व्याजाचा दर दोन टक्के जास्त का देतात, याचं उत्तर त्यातच असतं. खात्याला वारस नोंदवलेला नसेल तर आजच नोंदवा. त्याशिवाय मागे राहिलेल्यांना दहा-वीस हजारांसाठी सही-शिक्क्यांच्या फेऱ्या मारत बसावं लागतं.

तक्रार कशी टिकते

पोच घेतलेला अर्ज हीच तक्रारीची पहिली पायरी. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही, किंवा दिलेलं पटलं नाही, की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचं. वकील नको, फी नाही. १४४४८ वर फोन केला तर मार्गदर्शन मिळतं, मराठीतही. तक्रार रिझर्व्ह बँकेच्या ‘सीएमएस’ संकेतस्थळावर किंवा साध्या पत्राने चंदिगडच्या सेक्टर १७ मधल्या रिझर्व्ह बँकेच्या तक्रार केंद्राला पाठवता येते. बँकेकडे आधी न जाता थेट लोकपालाकडे गेलात तर तक्रार परत येते. बहुतेक तक्रारी इथेच अडतात, म्हणून पोचेची झेरॉक्स पहिल्या पानाला लावा. फायनान्स कंपन्यांच्या तक्रारीही इथे चालतात. पतसंस्थेच्या चालत नाहीत, त्या सहकार खात्याकडे.

ऑनलाइन फसवणूक झाली तर या वाटेने जाऊ नका. आधी सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन, लगेच बँकेला कळवून तक्रार क्रमांक घ्या. चूक तुमची नसेल आणि तीन कामाच्या दिवसांत कळवलं असेल, तर नुकसान तुमच्या अंगावर येत नाही. ओटीपी स्वतः सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, नंतरचं बँकेचं; म्हणून लाजून दोन दिवस घालवू नका.

एक दार लोक विसरतात. प्रत्येक जिल्ह्यात एक अग्रणी बँक असते आणि तिचा जिल्हा व्यवस्थापक असतो. ही कल्पना मुळात पुण्याच्या धनंजयराव गाडगीळांच्या अभ्यासगटाची. १९६९ साली बँकांच्या राष्ट्रीयीकरणापाठोपाठ त्यांनी क्षेत्रवार पद्धत सुचवली, आणि त्यातूनच पुढे प्रत्येक जिल्ह्याची जबाबदारी कुणा एका बँकेवर आली. एका माणसाचं खातं अडलं तर लोकपाल. अख्ख्या वस्तीला एक शाखा दारात उभी करत नसेल, गावात बँक मित्रच नसेल, गटांची कर्जं सहा महिने पडून असतील, तर या व्यवस्थापकाकडे जा. वीस-पंचवीस जणांच्या सह्यांचा एकच अर्ज, सोबत प्रत्येकाची पोच, आणि एक प्रत जिल्हाधिकारी कार्यालयात. जिल्हास्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीचे अध्यक्ष जिल्हाधिकारीच असतात. बैठक तीन महिन्यांनी होते, तेव्हा तारीख विचारून तिच्या आठ-दहा दिवस आधी अर्ज पोचेल असं बघा. बैठक झाल्यावर इतिवृत्तात तुमचा विषय आला का, ते विचारायला गटातल्या एक-दोघींनी जाऊन यावं.